पट्टेवाल्याच्या अंगावरचे तीन ठिपके

भागूबाई हे काही तिचं खरं नाव नाही. लग्नाला आठवडासुद्धा झाला नव्हता, कुकरची शिट्टी वाजली आणि ही स्वयंपाकघरातून जी सुटली ती थेट जिन्यात जाऊन थांबली. नवरा मागोमाग आला आणि हसत हसत म्हणाला, "अगं भित्री भागूबाई, कुकर आहे तो, तोफ नाही!" झालं. शेजाऱ्यांनी ऐकलं, नणंदेने उचललं, आणि खरं नाव कागदोपत्री उरलं.

बरं, नावात खोटं काही नव्हतं हो. गॅसचा खटका ती तीनदा तपासायची. कुलूप लावलं की ओढून बघायची, चार पायऱ्या उतरून परत वर जायची आणि पुन्हा ओढायची. नवरा लिफ्टचा मेकॅनिक, निम्म्या गावच्या लिफ्टा त्याच्या हाताखालून गेलेल्या, आणि बायको सहा सहा मजले पायी चढणारी! त्यावरून त्याने छेडलं की म्हणायची, "तुम्ही दुरुस्त केल्यात म्हणूनच बसत नाही मी."

एका कामात मात्र ही भीती तिच्या उपयोगी पडायची. भागूबाई लोकांच्या घरच्या माशांच्या टाक्या सांभाळायची. घरं, ऑफिसं, दवाखाने मिळून अकरा ठिकाणं. आतून काच घासायची, तळाच्या खडीतली घाण नळीने ओढून काढायची, थोडं पाणी बदलायचं, फिल्टरचा स्पंज धुवायचा. लोक टाकीपुढे उभे राहिले की "काय सुंदर!" म्हणतात. ही उभी राहिली की हिच्या मनात पहिला प्रश्न, आज कोण कोपऱ्यात बसलंय? कोणी पर मिटून घेतलेत? कोण दगडाला अंग घासतंय?

ही नजर तिला फुकट मिळाली नव्हती. आधी ती माशांच्या दुकानात कामाला होती. चाळीस टाक्या आणि सगळ्यांना मिळून एकच जाळी, एकच नळी. एकदा बाहेरून आलेल्या माशांबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला. तो मालकाच्या नजरेतून निसटला आणि बारा दिवसांत चाळीसच्या चाळीस टाक्या बसल्या. मेलेले मासे बादल्या भरभरून बाहेर नेले ते भागूबाईने. दुकान बंद झालं, गिऱ्हाइकांनी हिला घरी बोलवायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून हिने एक नियम केला: ज्या घरची नळी आणि जाळी त्याच घरी राहणार. ओली वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात जाणार नाही म्हणजे नाही.

आता हा ठिपका म्हणजे काय ते नीट ऐका, कारण भलेभले इथेच फसतात. माशाच्या अंगावर मिठाचा कण चिकटावा तसा तो दिसतो. पण तो कण नसतो, कातडीच्या आत घुसून बसलेला जिवंत किडा असतो. तो माशाला खातो, फुगतो आणि पोट भरलं की गळून तळाला जातो. तिथे स्वतःभोवती कवच करतो आणि एकाचे शेकडो होतो. ते शेकडो मग पाण्यात सुटतात आणि मासा शोधायला निघतात, आणि डोळ्यांना त्यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. औषध लागू पडतं ते फक्त ते असे मोकळे पोहत असताना. म्हणजे ठिपके गेले, मासा लख्ख झाला, घरचे टाळ्या वाजवायला लागले, की खरं संकट तिथून सुरू. भागूबाईला ठिपके दिसले की भीती वाटायचीच, पण ते नाहीसे झाले की तिला झोप लागायची नाही.

अकरा ठिकाणांत एका घराचा तिला धाक होता. टायपिंगच्या सरांचं घर. सर पूर्वी टायपिंगचा क्लास चालवायचे. क्लास कधीच बंद झाला, मशिनं गेली, पण एक दणकट लोखंडी टेबल राहिलं आणि त्यावर सहा फुटी टाकी बसली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक परगावी. घरात सर आणि टाकीत पट्टेवाला. पट्टेवाला म्हणजे क्लाउन लोच जातीचा मासा, नारिंगी अंगावर तीन रुंद काळे पट्टे. बोटाएवढा असताना आणलेला, आता वीतभराहून मोठा आणि वीस वर्षांचा. सर टाकीजवळ आले की तो दगडाखालून बाहेर यायचा. दुसरं कोणी आलं तर ढिम्म हलायचा नाही.

सर ओरडायचे नाहीत, पण ओरडलेले परवडले असते. दर गुरुवारी पावणेअकरा म्हणजे पावणेअकरा. काम झालं की चष्मा वर करून काचेवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "बाई, हा कोपरा पुन्हा बघता का?" सात वर्षांत "हो सर" आणि "झालं सर" याखेरीज भागूबाई त्यांच्याशी फारसं काही बोलली नव्हती.

तर या सरांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. लेक आली. निघायचा दिवस नेमका गुरुवार आला, साडेअकराला गाडी दाराशी येणार होती. भागूबाईने सरांच्या मोरीतली नळी काढली, पाण्यात सोडली, तर नळी हवा ओढायला लागली. बघते तर मधोमध चीर. पाणी काही चढेना. बाहेरून सरांचा आवाज आला, "बाई, झालं का? मला एकदा बघून निघायचंय."

तिच्या पिशवीत दुसरी नळी होती. सकाळी दातांच्या दवाखान्यातली टाकी साफ केली होती आणि तिथली नळी आतून शेवाळली म्हणून घरी नेऊन उकळत्या पाण्यात धुवायला बरोबर घेतली होती. ओली होती. नियम तिला माहीत होता, तिनेच तर केला होता! पण दारात सर, हातात बॅग, चेहरा उतरलेला, आणि टाकी अर्धी गढूळ. इकडे नियमाची भीती, तिकडे सरांची. सरांची जिंकली. नळी दोनदा झटकली आणि टाकीत सोडली.

सरांनी काचेवर बोट टेकवलं. पट्टेवाला वर आला. सर त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले, मग निघाले. लेकीने भागूबाईला जिन्यात गाठलं. "मावशी, टाकीकडे रोज एक चक्कर टाकाल ना? आणि एक सांगते, डॉक्टर म्हणालेत त्यांना कसलाही धक्का बसता कामा नये. फोनवर त्यांनी काहीही विचारलं तरी सगळं छान आहे, एवढंच सांगायचं."

"हो," भागूबाई म्हणाली.

ऑपरेशन रविवारी झालं, नीट झालं. मंगळवारी सकाळी भागूबाई टाकीपाशी गेली आणि तिच्या डोळ्यांदेखत पट्टेवाला दगडाखालून झपकन निघाला, लाकडाच्या ओंडक्याला कूस घासली आणि परत आत गेला. टॉर्च काढला, खाली बसली, काचेला नाक लावलं. मधल्या काळ्या पट्ट्यावर तीन ठिपके. नारिंगी अंगावर दिसले नसते, काळ्यावर लख्ख दिसत होते. टॉर्च तिच्या हातातून सुटून फरशीवर आपटला.

ती तशीच दातांच्या दवाखान्यात धावली. तिथल्या टाकीतले सगळे मासे मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे. काउंटरवरची मुलगी कौतुकाने म्हणाली, "मावशी, गेल्या आठवड्यात सहा नवीन आणून टाकले मी! तुम्हाला सांगायचंच राहिलं. थोडे पांढरट दिसतायत, पण तो त्यांचा रंगच असेल, नाही?"

भागूबाईला हसावं की रडावं कळेना. त्या पोरीला काय बोलायचं? तिने मासे आणले, पण रोग सरांच्या घरी नेला कोणी?

रात्रीच्या जेवणाला तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मासे काय, आजारी पडतात. तुझ्या नळीने आला असं लिहिलंय का त्याच्यावर? कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना!"

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही. वीस वर्षांचा मासा आहे, तसाही किती जगणार?"

"अहो, तो माणूस छाती फाडून घेऊन पडलाय तिकडे, आणि घरी आल्यावर त्याची वाट बघायला फक्त हा एक जीव आहे! तो मेला तर सरांना सांगायचं कोणी? तुम्ही सांगाल?"

सुट्टीच्या दिवशी नवरा पाण्याच्या बादल्या भरायला मात्र आपणहून आला, तेवढं त्याचं म्हणायला हवं.

औषध तिने मंगळवारीच सुरू केलं होतं. आधी फिल्टरमधली कोळशाची पिशवी काढली, कारण कोळसा औषधच शोषून घेतो आणि आपण बसतो बाटल्या ओतत. हीटर हळूहळू चढवला, दिवसाला दोन अंश, तीसपर्यंत. उबेने किड्यांचं चक्र लवकर फिरतं आणि ते लवकर मोकळे सुटतात. पण गरम पाण्यात हवा कमी राहते, म्हणून हवेचा आणखी एक पंप लावला. उजेडाने औषधाचा जोर उतरतो म्हणून टाकीवर जाड चादर टाकली. नवी नळी आणून रोज तळाची खडी ओढायची, जेवढी कवचं निघतील तेवढी निघतील.

आणि बाटलीवर लिहिलेली मात्रा? ती निम्मी. घोडं इथेच अडत होतं. लोचच्या अंगावर खवले नसल्यासारखेच असतात, औषध थेट कातडीला भिडतं. पूर्ण मात्रा दिली तर रोगाआधी औषधच मारायचं, आणि निम्म्याने रोग हटेल याची खात्री कोण देणार? रोज थेंब मोजताना तिचा हात इतका थरथरायचा, की ती आधी ते थेंब वाटीत पाडायची, दोनदा मोजायची आणि मग टाकीत ओतायची.

रोज दहाला लेकीचा फोन यायचा. गुरुवारपासून सर स्वतः बोलायला लागले. आवाज अगदी खोल गेलेला. "बाई, पट्टेवाला काय म्हणतो?"

"मजेत आहे, सर."

"खातोय?"

"हो सर."

मंगळवारपासून त्याने तोंडाला काही लावलं नव्हतं. फोन ठेवला की भागूबाई मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारायची.

तीनाचे तेरा झाले, तेराचे पन्नास. पट्टेवाल्याचे पर चिकटून गेले. आणि शनिवारी सकाळी चादर उचलली तर अंगावर एक ठिपका नाही! नारिंगी अंग, काळे पट्टे, सगळं धुऊन ठेवल्यासारखं. बादली घेऊन उभा असलेला नवरा ओरडला, "झालं की! बरा झाला तुझा पट्टेवाला! उगाच चार दिवस जीव खाल्लास माझा."

भागूबाई मटकन स्टुलावर बसली. तिचा चेहरा बघून तो चरकला. "आता काय झालं?"

"गळून पडलेत सगळे," ती हळूच म्हणाली, जणू ते ऐकत होते. "खाली आहेत. आता फुटतील."

त्याने वाकून खडीकडे बघितलं. पाणी नितळ होतं, खडी स्वच्छ होती, बुडबुडे वर येत होते. "मला तर काही दिसत नाही."

"मला तरी कुठे दिसतंय!" ती म्हणाली आणि उठून पुन्हा नळी लावली. त्या दिवशी तिने एकच तळ तीनदा ओढला, हात दुखेपर्यंत.

सोमवारी जे व्हायचं ते झालं. अंग अजून स्वच्छच होतं, पण पट्टेवाला पंपाच्या बुडबुड्यांपाशी तोंड वर करून लटकला होता आणि कल्ले धाडधाड उडत होते. ठिपके या खेपेला कल्ल्यांच्या आत शिरले होते, म्हणजे दिसायचे नाहीत आणि गळा मात्र दाबत राहायचे. भागूबाईने मनगटावरच्या घड्याळावर श्वास मोजले. मिनिटाला एकशे चाळीस. निरोगी असताना याच्या निम्मे असतात. नेमका तेव्हाच फोन वाजला. या वेळी व्हिडिओवर.

पडद्यावर उशी, दाढी वाढलेले सर, बाजूला लेक. सर म्हणाले, "बाई, आज मला दाखवा त्याला."

"सर, तो ना... दगडाखाली आहे. झोपलाय."

"टाकीवर चादर का आहे?"

मेली. मागे टाकी दिसत होती. लेक पलीकडून डोळ्यांनी नको नको म्हणत होती.

"फोन काचेला लावा," सर म्हणाले. सात वर्षांच्या सवयीने तिने लावला.

सरांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग, "पांढरे ठिपके आलेत ना? कल्ल्यांत गेलेत. किती दिवस झाले?"

"सात."

"माझ्या टाकीत तीन वर्षांत नवीन मासा नाही. कुठून आले?"

कुठून आले. तिला दहा उत्तरं सुचली. पाण्यातून असतील, आणलेल्या खाण्यातून असतील. सगळी खपली असती. माणूस अंथरुणावर, विचारायला कोण येणार होतं? पण काचेपलीकडे तो मासा तोंड उघडून हवा मागत होता आणि तिला त्याच्यासमोर खोटं बोलवेना.

"माझ्या नळीतून, सर," ती म्हणाली. "तुमची नळी फाटली होती. तुम्ही निघायच्या घाईत होतात आणि मला... मला तुमची भीती वाटली. दवाखान्यातली ओली नळी घातली मी. चूक माझी आहे. रोज मजेत आहे म्हणाले तेही खोटं."

"मावशी!" लेक किंचाळली. "काय सांगताय तुम्ही! बाबा, फोन द्या, द्या इकडे."

पण सरांनी फोन सोडला नाही. ते उठायची धडपड करत होते, छातीवरची पट्टी दिसत होती, कसलं तरी यंत्र टीं टीं वाजायला लागलं. "मी घरी येतो. आत्ता येतो. ते काढ गं हातातलं. घरी जायचंय मला."

आणि मग भागूबाई ओरडली. उभ्या जन्मात ती कुणावर ओरडली नव्हती, सरांवर ओरडेल असं तर स्वप्नातसुद्धा नाही. "झोपा! आधी आडवे व्हा! तुम्ही तिथून उठलात तर मी या टाकीला हात लावणार नाही, सांगून ठेवते. दार ओढून निघून जाईन! तुम्हाला सांभाळायला तिथे दहा माणसं आहेत, याला मी एकटी आहे. मला त्याच्याकडे बघू द्या, तुमच्याकडे नका बघायला लावू!"

तिकडे सगळं थांबलं. यंत्रसुद्धा थोड्या वेळाने गप्प झालं. सर उशीवर टेकले होते, डोळे मिटलेले. आपण हे काय बोललो! मारलं का आपण त्यांना?

मग सरांचे ओठ हलले. आवाज इतका लहान, की तिने फोन कानाला लावला.

"बाई, मला इथे फार भीती वाटते हो."

तिला आयुष्यभर सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, अगं घाबरतेस काय, घाबरू नकोस. त्याने भीती कधी रतीभरही कमी झाली नव्हती, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

"वाटणारच, सर," ती म्हणाली. "मला पण वाटतेय. बघा हात कसा हलतोय. घड्याळ आहे का तुमच्याजवळ?"

"लेकीच्या हातात आहे."

"मागून घ्या. मी फोन काचेला लावते. तुम्ही त्याचे श्वास मोजा, मी पण मोजते."

मोजले. तिचे एकशे चाळीस, सरांचे एकशे छत्तीस. सर क्षीण आवाजात म्हणाले, "तुम्ही एकेक श्वास दोनदा मोजताय." ती म्हणाली, "तुमच्या फोनमध्ये नीट दिसत नाही." मग सरांनी औषधाचं विचारलं. निम्मं, ती म्हणाली. पाव करा, सर म्हणाले, जीव दमलाय त्याचा. "निम्मंच, सर. पाव केलं तर किडे सुटतील आणि तोही सुटेल." सर म्हणाले, "बरं."

त्यानंतर दिवसातून दोनदा फोन, सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला. एकशे तीस, एकशे अठ्ठावीस, मधेच एकदा एकशे चव्वेचाळीस, आणि त्या संध्याकाळी दोघंही नुसते फोन धरून बसले. मग एकशे बारा, अठ्ठ्याण्णव. आकडा कधी जुळायचा नाही, दोन-चारचा फरक राहायचाच, आणि त्यावरून रोज वाद. लेक एकदा मधेच म्हणाली, "मावशी, आज बाबा कॉरिडॉरमध्ये चालले. आठवडाभर पाय खाली टाकायला तयार नव्हते." सर तिला म्हणाले, "गप्प बस, मोजणी चुकते."

ठिपके कल्ल्यांत शिरल्याला दहा दिवस झाले तेव्हा पट्टेवाल्याने तळाला जाऊन खाण्याची पहिली गोळी उचलली. अंगावर काही नाही, पर मोकळे. भागूबाईने औषध तरीही थांबवलं नव्हतं. दहा वाजता फोन लागला. दोघांनी मोजायला सुरुवात केली. मिनिट संपलं.

"बहात्तर," सर म्हणाले.

भागूबाईच्या तोंडून आकडा फुटेना. तिच्याही मोजणीत बहात्तरच आले होते. ती फोन हातात धरून तिथेच फरशीवर बसली आणि मोठमोठ्याने रडायला लागली. तिचं रडणं संपेपर्यंत सरांनी फोन ठेवला नाही.